रंग चढत का नाही?

एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शिक्षकांच्या वर्गात आम्ही प्रकाश आणि रंग या विषयावर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर चित्रकलेचे एक शिक्षक लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या शाळेचा शतकमहोत्सव जवळ आला होता. शाळेच्या सुरुवातीच्या काळातला एक कृष्णधवल फोटो त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवरून उतरवला होता आणि गावातल्या एका दुकानातून स्कॅन करून आणला होता. तो संगणकावर रंगवून मोठ्या आकारात छापायचा, असे त्यांच्या मनात होते. फोटोत पाच शिक्षक खुर्च्यांवर बसलेले. मधल्यांच्या डोक्यावर पगडी, बाकीच्यांच्या टोप्या. मागे-पुढे तीसेक मुले.

“सर, काहीतरी बिघडलंय,” ते म्हणाले. “लाल रंग घेतो, पण कुंचला फिरवला की करडाच पडतो.”

त्या संध्याकाळी एक तक्रार सुटली की दुसरी उभी राहत गेली. करड्याचा प्रश्न सुटला, तर रंग चेहऱ्यावर चुन्याचा हात मारल्यासारखा बसू लागला आणि नाक-डोळे धुकट झाले. रंग मिसळण्याची पद्धत बदलली, तर चेहरे सुधारले, पण पांढऱ्या उपरण्यावर रंग काही केल्या चढेना. शेवटी वेगळा थर घेऊन काम सुरू केले, तर कुंचला काही ठिकाणी उमटेचना आणि एका ठिकाणी तर रंग लागण्याऐवजी चित्रच पुसट होऊ लागले. अशा एकूण चार तक्रारी.

यात बिघडलेले काहीच नव्हते. संगणकाची आज्ञावली सांगितले तेच करत होती. परंतु कुंचला, थर, रंग हे शब्द आपण जितक्या सहजपणे वापरतो तितके ते साधे नाहीत. त्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी, केव्हातरी घेतलेला एक निर्णय आहे. ते निर्णय समजले की तक्रारींची उत्तरे आपोआप मिळतात. म्हणून जरा मागे जाऊ या.

कुंचला आणि फोटो

छायाचित्रणाचा शोध 1839 साली जगजाहीर झाला. चित्र हुबेहूब होते, पण त्यात रंग नव्हते. लोकांना ही उणीव लगेच जाणवली आणि पहिल्या दोन-चार वर्षांतच फोटोवर हाताने रंग भरणारे कारागीर युरोपात दिसू लागले. पुढे जपानमध्ये आणि आपल्या देशातही ही कला चांगलीच रुजली. गेल्या पिढीपर्यंत आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंतही रंग भरून देणारे असत. अनेक घरांत आजी-आजोबांचा असा गुलाबी गालांचा फोटो अजून भिंतीवर असेल.

या कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने कळली होती. जाड, अपारदर्शक रंग लावला तर फोटो झाकला जातो आणि चेहऱ्याची ठेवणच नाहीशी होते. पातळ, पारदर्शक रंग लावला तर खालची छाया-प्रकाशाची रचना जशीच्या तशी दिसत राहते आणि रंग मात्र वर चढतो. म्हणजे उजेड-अंधार दाखवायचे काम फोटोने करायचे आणि कुंचल्याने फक्त रंगछटा पुरवायची. फार गडद फोटोवर रंग दिसत नाही हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून रंगवायची प्रत ते मुद्दाम थोडी फिकी काढत आणि बहुधा तिला तपकिरी झाक देत.

याचा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत करता येतो. वर्तमानपत्रातला एखादा कृष्णधवल फोटो घ्या. त्याच्या अर्ध्या भागावर आकाशकंदिलाला लावतात तो लाल जिलेटीन कागद ठेवा. उरलेल्या अर्ध्या भागावर लाल पोस्टर कलरमध्ये बराचसा पांढरा मिसळून पातळ हात द्या. जिलेटीनखाली पांढऱ्याचे लाल होते, पण काळे काळेच राहते आणि चेहरा स्वच्छ ओळखू येतो. पोस्टर कलरखाली काळेही गुलाबट होते आणि चेहरा धुक्यात जातो. आपल्या शिक्षकांची दुसरी तक्रार नेमकी हीच होती. तिच्याकडे आपण आकडे घेऊन पुन्हा येऊ.

तीन काचा, एक फीत

रंग वरून लावण्याऐवजी कॅमेऱ्यानेच टिपावा, ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांची. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या संवेदना असाव्यात, असे टॉमस यंग यांनी 1802 साली सुचवले होते. मॅक्सवेल यांनी विचार केला, की तसे असेल तर कोणताही रंग तीन मोजमापांत सांगता आला पाहिजे. 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे करून दाखवले. टॉमस सटन यांनी त्यांच्यासाठी चौकडीच्या रंगीत फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून वेगवेगळे फोटो घेतले होते. तिन्ही फोटो कृष्णधवलच होते. पण त्याच तीन रंगांच्या प्रकाशात ते पडद्यावर एकावर एक पाडले, तेव्हा फीत रंगीत दिसली.

यातून एक मूलभूत गोष्ट सिद्ध झाली. रंग साठवायचा तर प्रत्येक बिंदूसाठी एक नव्हे, तीन आकडे लागतात. आकडा एकच असेल, तर त्यातून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची एखादी पायरी सांगता येते, पण ती लाल की हिरवी हे सांगता येत नाही.

या प्रयोगाची पुढची गोष्टही मजेदार आहे. त्या वेळच्या काचांवरचे रसायन लाल प्रकाशाला जवळजवळ दादच देत नसे. मग लाल द्रावणातून फोटो आला कसा? हे कोडे शंभर वर्षांनी, 1961 साली, कोडॅक कंपनीतील संशोधक राल्फ एव्हान्स यांनी सोडवले. फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि ते किरण लाल द्रावणातून पार होऊन काचेवर उमटत होते. म्हणजे जो लाल म्हणून समजला गेला तो लाल नव्हताच! जुन्या काचा लाल रंगाला आंधळ्या होत्या, ही बाब लक्षात ठेवू या. शेवटी ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

मॅक्सवेल यांनी रंगीत प्रकाश एकत्र केले होते. कागदावर मात्र प्रकाश नसतो, शाई असते आणि शाई प्रकाश शोषून घेते. हा विचार फ्रान्समध्ये लुई द्यूको दु ओरों आणि शार्ल क्रो यांनी एकमेकांना न कळत केला आणि 1869 साली दोघांनीही तो मांडला. तीन फोटोंवरून जिलेटीनचे तीन पारदर्शक थर करायचे, त्यांना निळसर, लालसर आणि पिवळा रंग द्यायचा आणि ते एकावर एक बसवायचे. दु ओरों यांनी अशा रीतीने 1877 साली केलेले आझां गावाचे दृश्य आजही पाहायला मिळते. तीन पारदर्शक थरांतून संपूर्ण चित्र, ही कल्पना पुढे 1935 साली बाजारात आलेल्या कोडाक्रोम फिल्ममध्ये प्रत्यक्षात उतरली.

दगडांचे थर, सेल्युलॉइडचे थर

थरांनी चित्र घडवण्याचा एक मोठा उद्योग आपल्या घराजवळही झाला. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे होते. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी चित्रे घराघरांत पोचली, ती या छापखान्यातून. प्रत्येक रंगासाठी गुळगुळीत चुनखडकाचा एक स्वतंत्र दगड असे आणि त्यावर त्या रंगाचा तेवढाच भाग काढलेला असे. एकाच कागदावर असे अनेक दगड एकामागून एक छापले जात. लक्ष्मीच्या साडीची एक घडी म्हणजे चार-पाच दगडांवरच्या शायांचे एकत्र काम.

येथे कारागिरांपुढे दोन अडचणी असत. पहिली अडचण जुळणीची. एखादा दगड केसभर सरकला तर ओठांचा रंग हनुवटीवर जाई. म्हणून प्रत्येक दगडावर जुळणीच्या खुणा करत. दुसरी अडचण जास्त गंभीर होती. एकदा छापलेला थर काढता येत नसे. पाचवा रंग चुकला, तर आधीचे चार छापलेले कागदही वाया जात.

सुटा थर, म्हणजे हवा तेव्हा उचलता येणारा थर, प्रथम मिळाला तो चलच्चित्रांच्या कारागिरांना. अमेरिकेतील अर्ल हर्ड यांनी 1914 साली एक पेटंट मागितले. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हालणारी पात्रे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर काढून तिच्यावर ठेवायची. ताव बदलला की पात्र हलते, पार्श्वभूमीला धक्का लागत नाही. संगणकावरचा ‘लेयर’ हा या तावाचा थेट वंशज आहे.

पण सेल्युलॉइड पूर्ण पारदर्शक नसते. प्रत्येक ताव थोडा प्रकाश खातो. त्यामुळे तेच निळे सदऱ्याचे पात्र वरच्या तावावर असले तर एक निळा दिसे आणि दोन ताव खाली गेले तर मळकट निळा दिसे. मग रंग खाती एकाच रंगाच्या वेगवेगळ्या पातळ्यांसाठी वेगवेगळ्या छटा तयार ठेवत. खालच्या तावासाठी थोडी उजळ, वरच्यासाठी थोडी गडद. थरावर लावलेला रंग दिसतो कसा, हे त्या रंगाइतकेच वर आणि खाली काय आहे यावर ठरते, हा धडा त्यांनी रंगाचे डबे रिकामे करत शिकून घेतला.

दूरचित्रवाणीची वाटणी

फोटो रंगवणाऱ्यांनी उजेड आणि रंगछटा यांची जी वाटणी हाताने केली होती, तिला गणिती रूप दूरचित्रवाणीने दिले. अडचण अशी होती, की लोकांच्या घरी आधीच कृष्णधवल संच होते. रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तर त्या संचांचे काय? फ्रान्सचे जॉर्ज व्हालान्सी यांनी 1938 च्या पेटंटमध्ये उत्तर दिले. तीन रंगांचे तीन संदेश तसेच पाठवायचे नाहीत. त्यांपासून एक तेजाचा संदेश तयार करायचा आणि रंगाचा संदेश वेगळा ठेवायचा. जुना संच तेजाचा संदेश वाचेल आणि कृष्णधवल चित्र दाखवेल. नवा संच दोन्ही वाचेल. 1953 साली अमेरिकेत मान्य झालेली पद्धत याच तत्त्वावर होती. आपल्याकडे 1982 साली रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा शेजारच्या रंगीत संचावर दिसणारा सामना आपल्या कृष्णधवल संचावरही दिसतच होता, तो या वाटणीमुळे.

तेजाचा हिशेब साधारण असा असतो. लाल आकड्याचे 30 टक्के, हिरव्याचे 59 टक्के आणि निळ्याचे 11 टक्के. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत काळोखा वाटतो, म्हणून हे असमान वाटे. आणखी एक सोय अशी, की बारकावे डोळा मुख्यतः तेजात पाहतो, रंगात नाही. त्यामुळे रंगाचा संदेश थोडा पसरट असला तरी चालतो. हाताने रंगवलेल्या फोटोत गालाचा गुलाबी रंग रेषेबाहेर गेला तरी खटकत नाही, याचेही कारण हेच.

संगणकाचा कुंचला

आता संगणकाकडे येऊ. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी 1973 साली ‘सुपरपेंट’ ही रंगचित्रणाची यंत्रणा चालू केली. पडद्यावर 640 गुणिले 480 बिंदू, म्हणजे तीन लाखांहून थोडे जास्त. आपण त्यांना चित्रबिंदू म्हणू. प्रत्येक चित्रबिंदूसाठी एक आकडा, 0 ते 255 यांपैकी. स्मृती इतकी महाग होती, की यापेक्षा जास्त परवडत नव्हते. मग एका आकड्यात रंग कसा बसवायचा? शूप यांनी एक तक्ता ठेवला. आकडा 17 म्हणजे अमुक लाल, 18 म्हणजे तमुक निळा. एका वेळी 256 रंग, पण ते मोठ्या रंगसंग्रहातून हवे तसे निवडता येत. या पद्धतीतला दोष असा, की तक्त्यात नसलेला रंग चित्रात लावताच येत नाही. त्याऐवजी त्यातल्या त्यात जवळचा रंग पडतो.

याच केंद्रात 1974 साली आल्व्ही रे स्मिथ आले. लाल-हिरवा-निळा या आकड्यांत विचार करणे चित्रकाराला जमत नाही. तो म्हणतो, ‘हाच रंग, पण थोडा फिका,’ किंवा ‘थोडा काळोखा’. म्हणून स्मिथ यांनी तेच तीन आकडे रंगछटा, रंगाचा दाटपणा आणि तेज अशा रूपात मांडण्याची रीत बसवली आणि 1978 साली ती प्रसिद्ध केली. आजच्या प्रत्येक आज्ञावलीतील रंगनिवडीच्या चौकटीत ती असते. मधल्या काळात झेरॉक्सने रंगाच्या कामात रस नसल्याचे ठरवले आणि स्मिथ यांना बाहेर पडावे लागले. ते न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. तेथे तीन स्मृतिसंच एकत्र जोडून प्रत्येक चित्रबिंदूला तीन स्वतंत्र आकडे मिळाले. मॅक्सवेल यांच्या तीन काचा संगणकात आल्या!

1977 साली तेथेच स्मिथ आणि एड कॅटमल यांनी चौथा आकडा जोडला. हा आकडा रंगाचा नव्हता. या जागी चित्र किती आहे आणि किती आरपार दिसते, एवढेच तो सांगत असे. दोन चित्रे मिसळण्याच्या सूत्रात वापरलेल्या ग्रीक अक्षरावरून त्याला ‘आल्फा’ म्हणू लागले. हर्ड यांच्या पारदर्शक तावाचे हे गणिती रूप. सेल्युलॉइड मळकट होते, आल्फा मात्र पूर्ण स्वच्छ असू शकतो. 1984 साली लुकासफिल्ममधील टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशा थरांची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम पद्धतशीर मांडले. या कामासाठी चौघांनाही 1996 साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचे काम करणाऱ्या टॉमस नॉल यांनी 1987 साली करड्या छटांची चित्रे पडद्यावर दाखवणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. त्यांचे बंधू जॉन चित्रपटांच्या दृश्यकरामतींचे काम करत. दोघांनी मिळून ती वाढवली आणि 1990 साली ती ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आली. सुरुवातीला तिच्यात थर नव्हते. चित्रावर एखादा तुकडा चिकटवला आणि सोडला, की तो मूळ चित्रात कायमचा मुरत असे. मळवलीच्या दगडासारखेच! 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. 1998 साली ‘गिम्प’ ही विनामूल्य आज्ञावली पहिल्या पूर्ण रूपात आली, तीही थरांसह. शाळांना खर्चाशिवाय वापरता येण्याजोगी म्हणून ती आम्ही नेहमी सुचवतो.

पुन्हा त्या फोटोकडे

आता चारही तक्रारींची उत्तरे देता येतील.

पहिली, लाल घेतला तरी करडा पडतो. दुकानदाराने फोटो कृष्णधवल आहे म्हणून तो ‘ग्रेस्केल’ पद्धतीत साठवून दिला होता. प्रत्येक चित्रबिंदूला एकच आकडा. लाल रंग ठेवायला जागाच नाही, म्हणून आज्ञावली त्याचे तेज तेवढे काढून घेते आणि रंग सोडून देते. उपाय सोपा आहे. चित्राचा ‘मोड’ बदलून ‘आरजीबी’ करायचा. दिसण्यात काही फरक पडत नाही, पण आता तीन काचा तयार असतात. चित्र ‘इंडेक्स्ड’ पद्धतीत असेल तर करडा नव्हे, भलताच रंग पडतो. तो शूप यांच्या तक्त्याचा परिणाम. उपाय तोच.

दुसरी, रंग चुन्यासारखा बसतो. समजा, आपण लाल रंग निवडला, लाल 200, हिरवा 40, निळा 40. नेहमीच्या पद्धतीने 40 टक्के दाटपणाने तो लावला तर काळ्या बिंदूचे 80, 16, 16 होतात आणि पांढऱ्याचे 233, 169, 169. म्हणजे काळे काळे राहिले नाही, पांढरे पांढरे राहिले नाही आणि लाल आकड्यात दोहोंमधले 255 चे अंतर 153 वर आले. हेच धुके. ‘मल्टिप्लाय’ पद्धतीत मात्र वरच्या आणि खालच्या आकड्यांचा गुणाकार होऊन त्याला 255 ने भाग दिला जातो. काळ्याचा शून्य शून्यच राहतो, पांढऱ्याचे 200, 40, 40 होतात आणि मधल्या 128 च्या करड्याचे 100, 20, 20. हा आपला जिलेटीन कागद.

तिसरी, पांढऱ्या उपरण्यावर रंग चढत नाही. येथे आमच्या मित्रांनी ‘कलर’ पद्धत निवडली होती. तिच्यात खालचे तेज कायम राहते आणि फक्त रंग बदलतो, दूरचित्रवाणीच्या वाटणीप्रमाणे. चेहऱ्याला ती छान लागू पडते. पण पूर्ण पांढऱ्याचे तेज 255 असते आणि तेजाच्या सूत्रात 255 येण्यासाठी तिन्ही आकडे 255 च असावे लागतात. रंगाला वावच उरत नाही. काळ्याचेही तसेच. उपाय दोन. पांढरा भाग आधी किंचित काळोखा करायचा, म्हणजे जुन्या कारागिरांनी जसा फोटो आधी रंगाला योग्य करून घेतला तसा. किंवा तेवढ्या भागासाठी ‘मल्टिप्लाय’ वापरायचे.

चौथी, कुंचला उमटत नाही किंवा चित्र पुसट होते. रिकाम्या जागी कुंचला उमटत नसेल, तर बहुधा त्या थराची पारदर्शकता कुलूपबंद असते, म्हणजे चौथा आकडा बदलायला मनाई असते. जेथे शून्य आहे तेथे शून्यच राहणार. रंगवताना चित्रच पुसट होत असेल, तर आपण थरावर नव्हे, त्याला जोडलेल्या ‘मास्क’वर रंगवतो आहोत. मास्कही चौथ्या आकड्यासारखाच, एकाच आकड्याचा. त्याला लाल कळत नाही, फक्त किती झाकायचे ते कळते. या दोन्हींखेरीज एखादी निवड चालू राहिली आहे का, थर दुसऱ्याच्या खाली दडला आहे का, हेही पाहून घ्यावे.

पगडीचा रंग कोणता?

इतके झाल्यावर काम भराभर पुढे गेले. टोप्या, कोट, भिंत झाली. आमच्या मित्रांनी पगडीवर गडद तपकिरी रंग लावला. आम्ही विचारले, “हा रंग कशावरून?” ते म्हणाले, “फोटोत पगडी काळपटच आहे.”

येथे मॅक्सवेल यांच्या काचा आठवल्या. 1873 साली जर्मनीत हेर्मान फोगेल यांनी काचांना हिरवा रंग दिसू लागेल अशी युक्ती शोधली. लाल दिसणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विक्रीला आल्या, पण जुन्या प्रकारच्या काचा त्यानंतरही बरीच वर्षे वापरात होत्या. अशा काचेवर निळे आकाश पांढरे येते आणि लाल जवळजवळ काळे. जुन्या फोटोंत बायकांच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसते ते यामुळेच. आपल्याकडे लाल पगड्यांची चाल होती. तेव्हा ही काळपट पगडी तपकिरी असेल, तशीच भडक लालही असू शकेल.

काच चांगली असती, तरी प्रश्न सुटला नसता. वरचाच लाल, 200, 40, 40, घ्या. त्याचे तेज 88 येते. आता 40, 120, 46 हा हिरवा घ्या. त्याचेही तेज 88. करड्या फोटोत दोन्ही अगदी एकसारखे. तीन आकड्यांचा एक केला की दोन आकडे कायमचे गेले. कोणत्याही गणिताने ते परत येत नाहीत.

ही गोष्ट आता विशेष सांगण्याजोगी झाली आहे. 2004 साली ‘मुघल-ए-आझम’चा मोठा कृष्णधवल भाग रंगवून तो चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्यामागे पुष्कळ माणसांचे श्रम होते. 2016 पासून मात्र लाखो रंगीत चित्रे पाहून शिकलेल्या आज्ञावल्या जुना फोटो क्षणात रंगवून देऊ लागल्या. निकाल इतका सफाईदार असतो, की पाहणाऱ्याला तो पुरावाच वाटतो. वास्तविक ती आज्ञावली इतकेच सांगते, की अशा वस्तूंचा रंग आपण पाहिलेल्या चित्रांत बहुधा असा असतो. ज्या प्रदेशाची चित्रे तिने कमी पाहिली, तेथे तिचा अंदाज तितकाच कच्चा. पगडीबद्दल तिला आमच्याहून जास्त काही माहीत नसते.

म्हणून आम्ही त्या शिक्षकांना एवढेच सुचवले, की प्रत्येक रंगाचा थर वेगळा ठेवा, मूळ फोटोच्या थराला हात लावू नका आणि सगळे थर एकत्र मुरवलेले चित्र छापायला दिले तरी थरांची फाइल शाळेत जपून ठेवा. मळवलीच्या कारागिराला छापलेला रंग मागे घेता येत नव्हता. आपल्याला येतो. उद्या कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी त्या गुरुजींचे वर्णन सापडले, तर पगडीचा एक थर तेवढा बदलता येईल.

शतकमहोत्सवाच्या प्रदर्शनात त्यांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. रंगीत फोटोत पगडीला रंग दिलेला नव्हता. ती करडीच ठेवली होती. खाली एका ओळीत लिहिले होते, ‘रंग अंदाजाने भरले आहेत, पगडीचा रंग ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कळवावे.’ त्या ओळीपाशी विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गर्दी होती, असे त्यांनी आम्हाला पत्राने कळवले.